दाराबाहेरची किल्ली

आयर्लंडमधल्या आमच्या खेड्यात घराची किल्ली बाहेरून कुलपातच लावलेली असते. शेजारी ती फिरवून थेट चहाला आत येतात. दुबईत वर्षानुवर्षं राहून परतलेला माझा दीडशहाणा भाऊ लॉर्कन ते बघून भडकला. "आई, वेड लागलंय का? कुणीही घुसेल!" त्याने आईसाठी महागातला फोन, फोनवरून उघडणारं कुलूप आणि कॅमेऱ्याची बेल निवडून आणली, बसवली आणि डब्लिनला निघून गेला.

आता रोज त्याचा मोबाईल ओरडतो, दारात कुणीतरी आलंय. बघावं तर आईच! शेवटी त्याने फोन करून तिला झापलं, "स्वतःच्याच दाराची बेल काय वाजवत बसतेस?"


"मग काय करू, मेल्या? ती बसवल्यापासून इकडे एक माणूस फिरकलेला नाही. बिघडलीय का, ते बघतेय!"