घरातलं माणूस

"सही ज्याची त्यानेच करायची, आणि तीही माझ्यासमोर," असं तिसऱ्यांदा सांगून कारकुनाने अर्ज काचेखालच्या फटीतून बाहेर ढकलला.

बाईने तो पुन्हा आत ढकलला.

ऑनलाइन जुगारावर देखरेख ठेवणाऱ्या कार्यालयातली ही बंदीची खिडकी. ज्याला स्वतःला आवरत नाही त्याने इथे येऊन अर्ज भरावा, मग परवाना असलेली एकही कंपनी त्याला खेळू देऊ शकत नाही. कायदा चांगलाच होता. खिडकीमागच्या कारकुनाला मात्र आठ वर्षांत माणसांचा वीट आला होता. खेळणारे येतच नसत, येत त्या त्यांच्या बायका आणि आया. प्रत्येकीला वाटे, आपल्यापुरता नियम वाकवावा.

ही बाई तर तीन आठवडे त्याच्या डोक्यावर मिरी वाटत होती. "आमच्या घरातलं एक माणूस खेळतं," एवढंच ती पहिल्या दिवशी म्हणाली होती. पुढचं विचारायची त्याला गरज वाटली नाही. तिच्या बोटावर अंगठीचा पांढरा वळ होता आणि अंगठी नव्हती. ती कुठे गेली असेल, हे कळायला त्याला ज्योतिषी लागत नव्हता.

"अर्ज घरी न्या, सही घेऊन या, असं चालत नाही," तो म्हणाला. "उद्या भाऊ भावाला बंदी घालायला येईल. मग?"

"कंपनी दर तासाला एक फुकट डाव पाठवते," बाई म्हणाली. "मिनिटाच्या आत घेतला नाही तर जातो. चाक थांबता थांबता मुद्दाम एक घर पुढे सरकतं. तो डाव पाठवायला त्यांना कुणाची सही लागत नाही. थांबवायला मात्र तुम्हाला फोटो, सही, सगळं हवं. हा कुठला न्याय?"

"बरंच पाठ आहे तुम्हाला."

"एका घरात राहून होतंच."

भिंतीवरच्या घड्याळात अकरा वाजले. तिच्या पर्समधला फोन थरथरला. तिचं वाक्य अर्ध्यावर तुटलं, ती पाठ फिरवून भिंतीशी गेली आणि मिनिटभराने परत आली तेव्हा तिचा चेहरा उतरला होता. नवऱ्याची पाळत दिसते, असं म्हणून कारकुनाने मनातल्या मनात त्याला दोन शिव्या हासडल्या. तिच्याबद्दल त्याला दया आली नाही. असल्या माणसाबरोबर राहते कशाला, असंच त्याला वाटलं.

"सासूबाई माझ्या मुलीला घेऊन गेल्यात," ती हळूच म्हणाली. "बंदीचा कागद दाखवल्याशिवाय पाठवणार नाहीत. पाच वर्षांची आहे ती."

"म्हणजे त्या बाईचा पोटच्या पोरावर भरवसा नाही, आणि मी ठेवायचा? शुक्रवारी नवऱ्याला घेऊन या. नाहीतर तुम्हीही येऊ नका."

शुक्रवारी ती खरंच नवऱ्याला घेऊन आली. बारीक अंगाचा, चुरगळलेल्या शर्टातला माणूस. त्याने तिचं कोपर घट्ट धरलं होतं. इथेसुद्धा हिला मोकळं सोडत नाही, हे पाहून कारकुनाच्या अंगाचा तिळपापड झाला. त्याने कोरा अर्ज ओढला आणि काही न विचारता शाईने भरायला घेतला. खेळाडू: पुरुष. विवाहित.

मग त्याने त्या माणसाला फैलावर घेतलं. बायकोला तीन आठवडे खिडकीवर हेलपाटे घालायला लावता, लाज नाही वाटत? तिच्या बोटातली अंगठीही सोडली नाहीत. पोटची पोर दुसऱ्याच्या घरी झोपते आणि तुम्ही चाकं फिरवता. रांगेतले लोक वळून बघायला लागले, तसा त्याने आवाज आणखी चढवला. माणसाचे कान लाल झाले. बाई काही बोलायला गेली, तेव्हा नवऱ्याने नुसती मान हलवून तिला थांबवलं.

"झालं?" तो कारकुनाला म्हणाला.

"सही करा," कारकुनाने अर्ज आणि पेन फटीतून सरकवलं. "आणि नीट करा. पाटी वाचता येते ना?"

काचेवर पाटी होती: खाडाखोड केलेला अर्ज स्वीकारला जाणार नाही. ती त्यानेच लावली होती.

माणसाने पाटी वाचली. मग अर्जावरच्या दोन्ही ओळी वाचल्या आणि अर्ज आत परत ढकलला.

"दुसरा कोरा द्या," तो म्हणाला, आणि टोपण काढून त्याने पेन बायकोच्या हातात दिलं.