तिरडीवरच्या सुया

हिरामण नन्नावरे नाटकात प्रेताचं काम करायचे. पण महिन्यापासून त्यांचा डावा गाल आपोआप उडू लागला होता. ऐन शोकप्रसंगात प्रेत डोळा मारायचं आणि प्रेक्षक हसायचे.

"रविवारी असं झालं, तर दुसरं प्रेत बघू," दिग्दर्शकाने बजावलं.

घाबरून त्यांनी चिनी सुयांचे उपचार करणाऱ्या डॉक्टरीणबाईंना गाठलं. सुया टोचल्या की गाल शांत व्हायचा, काढल्या की पुन्हा उडायचा. "वीस वेळा तरी यावं लागेल, काका," त्या म्हणाल्या. रविवार तर परवावर आला होता.

शेवटी रविवारी हिरामण गालातल्या सहा सुया तशाच ठेवून तिरडीवर झोपले. वर झेंडूच्या पाकळ्या पसरल्या. गाल जराही हलला नाही. मग त्यांच्या विधवेचं काम करणाऱ्या शकुंतलाबाई नेहमीसारख्या धावत आल्या, त्यांच्या गालावर गाल टेकला आणि अशी किंकाळी फोडली, की अख्खं सभागृह रडलं. पडदा पडल्यावरही टाळ्या थांबेनात.

हिरामण माफी मागायला गेले. बाई गालावर बर्फ धरून बसल्या होत्या.

"माफी राहू द्या," त्या म्हणाल्या. "पुढच्या रविवारी आणखी दोन लावून या."