विचारपूस

रझाकारांच्या भीतीनं आश्रुबा निजामाची हद्द ओलांडून पळाला. पोखर्णीत मागं राहिलेल्या त्याच्या बायकोला, बायनाबाईला, चर्चच्या पाळकबाई म्हणाल्या, "रोज प्रभू येशूशी बोलत जा, आणि बोललेलं वहीत लिहीत जा." ती रोज तेवढंच लिहायची, 'प्रभू, ह्यांला सुखरूप घरी आण.'

निजामी गेली, तसा आश्रुबा परतला. जेवणं उरकल्यावर बायनाबाई पुन्हा वही घेऊन बसली.

"आता काय मागायलीस? आलो की मी!" तो हसला.

"मागत न्हाई. तुमी आलाव, तरी आज लय सुनं वाटायलंय. मागणं सपलं, तर प्रभूशी बोलाया काईच उरलं न्हाई. येवढे दिस त्येच्यापाशी निस्तं तुमचंच बोलले. त्येला कदी काई इचारलंच न्हाई."

मग तिनं सावकाश लिहिलं, 'प्रभू, तू कसा हायेस?'