मस्टरच्या झेरॉक्स

विम्याच्या एजंटसमोर ह्यांनी पुन्हा तोच विनोद केला. "आमच्या बाईसाहेबांच्या हातात स्टिअरिंग आलं की बंपर गेलाच म्हणून समजा!"

कुलथे हसले नाहीत. "साहेब, दीड वर्षात तीन क्लेम झालेत. कुठलीच कंपनी तुमच्या गाडीचा विमा उतरवायला तयार नाही. वहिनींनी तिन्ही अपघात कसे झाले ते लिहून दिलं, तर शेवटचा प्रयत्न करतो."

तिन्ही फॉर्मवर चालक म्हणून माझं नाव होतं. दारू पिऊन चालवल्याबद्दल ह्यांचं लायसन्स निलंबित झालं होतं. तरी गाडी काढायचे, ठोकून आणायचे आणि फॉर्म माझ्यापुढे सरकवायचे. मी सही करायचे. मग सोसायटीत, नणंदेकडे, लेकीच्या साखरपुड्यातसुद्धा माझ्या ड्रायव्हिंगवर हशा पिकायचा.

"लिही," हे म्हणाले. "आणि खाली लिही, पुन्हा गाडीला हात लावणार नाही."

मी कपबश्या बाजूला केल्या आणि फळ्यावर लिहिते तशा ठसठशीत अक्षरात सगळं लिहिलं. कपाटात जपून ठेवलेल्या शाळेच्या मस्टरच्या झेरॉक्स जोडल्या. तिन्ही अपघात भरदुपारी झाले होते आणि तिन्ही दुपारी मी नववीच्या वर्गावर होते.

कुलथेंनी वाचलं. "वहिनी, खोट्या क्लेममध्ये तुम्हीही अडकाल."

"अडकले तर अडकले." मी पेन ह्यांच्यापुढे सरकवलं. "गाडीला हात लावणार नाही, तेही लिहिलंय. पण अहो, तिथे सही तुमची लागेल."