बारावी वस्तू

रुचीच्या मुलाचा, अर्हमचा साखरपुडा झाला, त्या वर्षातली ही माघातली सकाळ. मुलीकडची माणसं धुळ्याहून अकराला येणार होती. त्याआधी रुचीने पाचोऱ्यातल्या घराच्या एक सोडून सगळ्या फळ्या मांडून संपवल्या होत्या.

हॉलच्या फळीवर पितळी समई आणि दुकानातली जुनी वजनं, मोठ्यापासून छटाकापर्यंत. स्वयंपाकघरात काचेच्या बरण्या. मूग, तूर, मसूर, उडीद, रंगाला रंग लावून. अर्हमच्या खोलीत त्याची पुस्तकं, आणि मधे एक मोकळी जागा, येणारीसाठी. गावातल्या बायका रुचीची मांडणी बघायला येत, मोबाइलवर फोटो काढून नेत. सासू जतनबाई मात्र चोवीस वर्षांत बरं म्हणाल्या नव्हत्या. कालही बरण्यांसमोर उभं राहून एवढंच बोलल्या, "तूर वर ठेवलीस. रोज लागते ती."

रुचीने तूर खाली घेतली होती.

जतनबाईंच्या खोलीची फळी तेवढी राहिली होती. गेल्या चातुर्मासात त्यांनी जैन साध्वींकडून, महासतीजींकडून, नियम घेतला होता. पलंग आणि कपडे सोडून खोलीत अकराच वस्तू. सामायिकाला, म्हणजे रोजच्या ध्यानाला, बसायचं आसन, तोंडावर बांधायची मुहपत्ती, जीवजंतू हळूच बाजूला सारायची पुंजणी, माळ, असं मोजून ठेवलेलं. फळीवर फक्त वाळूचं घड्याळ.

"बठ्ठं घर दुकानसारखं भरेल शे, नि अक्कानी खोली धर्मशाळा!" घरकाम करणारी कुंदाबाई पोछा पिळत म्हणाली.

त्या सकाळी जतनबाई साध्वींच्या दर्शनाला स्थानकात गेल्या, तेव्हा रुचीने त्या फळीच्या कडेला बारीक भोक पाडलं आणि कपाशीची एक वाळलेली फांदी त्यात उभी खोवली. पाच बोंडं, पाचही उमललेली. फुलदाणी घेतली असती तर दोन वस्तू झाल्या असत्या.

दहाला जतनबाई आल्या. चप्पल काढून सरळ खोलीत गेल्या. रुची दारात थांबली. तिच्यामागे कुंदाबाई.

जतनबाईंनी फांदीकडे पाहिलं.

"कुठून आणली?"

"कुंदाबाईच्या शेतातली आहे, मम्मीजी. पऱ्हाटी उपटल्यावर बांधावर पडली होती. तोडलेली नाही."

"पण सरकी?" जतनबाई म्हणाल्या. "वाळली तरी सरकीत जीव असतो. मी इथं सामायिकाला बसते. हे तुला मी सांगायचं?"

रुची फळीपाशी आली.

"तुम्ही दाबून बघा."

जतनबाईंनी आधी हात मागेच ठेवला. सुनेच्या तोंडाकडे पाहिलं. मग एक बोंड दोन बोटांत धरून हलकेच दाबलं. कापूस बोटांत बसला, पुन्हा फुलला. त्यांनी दुसरं दाबलं. तिसरं. पाचव्यापर्यंत गेल्या. परत पहिल्यावर आल्या.

"दोन दिन चिमटा लिसन बठेल व्हत्यात वहिनी," कुंदाबाईला राहवेना. "मी म्हनं, गावमा जिनिंग शे ना सरकी काढाले!"

"सरकीचं काय केलंस?" जतनबाईंनी विचारलं.

"कुंदाबाईला दिली. पेरायला."

जतनबाई पलंगावर बसल्या. आसनापासून मोजायला लागल्या, एकेका वस्तूकडे बोट करत. शेवटचं बोट फांदीवर आलं.

"बारा."

"अकरा होतात, मम्मीजी. मी तीनदा मोजलं." रुचीने पुन्हा मोजलं. अकराच भरल्या. जतनबाईंनी भिंतीकडे बोट केलं. तिथे रुचीच्या गेलेल्या सासऱ्यांचा, सुभाषचंदांचा फोटो होता, काळा कोट, डोक्याला टोपी.

रुचीचा चेहरा उतरला. "पप्पाजींना मी वस्तूत धरलं नाही."

"काचेची चौकट आहे ती. मी धरते."

रुचीने फांदी काढायला हात पुढे केला.

"थांब," जतनबाई म्हणाल्या. त्या उठल्या, टाचा उंचावून त्यांनी खिळ्यावरून फोटो काढला, पदराने काच पुसली आणि फोटो सुनेच्या हातात दिला. "यांना हॉलमध्ये घे. त्यांना माणसांत बसायला आवडायचं. कुठे ठेवायचं, ते तुला कळतं."

रुचीने हॉलच्या फळीवरची समई उचलून खाली ठेवली आणि मधोमध, वजनांच्या शेजारी, सासऱ्यांना बसवलं. येणाऱ्याची नजर पहिली तिथेच जाईल, असं. मग डोळे पुसून चहाला आधण ठेवलं.

पाहुणे वेळेवर आले. मुलीची आत्या नीटनेटकी बाई. तिने हॉलच्या फळीचा फोटो काढला, बरण्यांचा काढला, अर्हमच्या खोलीतली मोकळी जागा बघून हसली. शेवटी जतनबाईंच्या दाराशी आली. आत डोकावून म्हणाली, "इथलं मांडायचं राहिलं वाटतं?"

ट्रे घेऊन रुची तिच्या मागेच उभी होती.

"राहिलं नाही," आसनावरून जतनबाई म्हणाल्या. "सगळ्या घरात इथलं मांडायलाच सर्वांत जास्त वेळ लागला. माझ्या सुनेनं मांडलंय." त्यांनी फांदीकडे हात केला. "या, आत या. बोंड दाबून बघा. सरकी सापडली तर सांगा."

आत्या आत गेली. तिने पाचही बोंडं दाबली.

जतनबाई त्याच वर्षी, पर्युषणातल्या संवत्सरीच्या दुसऱ्या दिवशी सकाळी गेल्या. खोलीत तेव्हा फांदी धरून अकरा वस्तू होत्या.