स्टेपनी कुठे बसवायची

"खाली नाही बसणार," मिस्त्री जीपच्या पोटाखालून बाहेर सरकत म्हणाला. "तुम्ही टायर मोठे घेतलेत. मूळच्या जागेत ही स्टेपनी मावत नाही. आता बोला, मागच्या दारावर, टपावर की आत?"

"दारावर," दादा म्हणाले.

गाडी दादांची नव्हती. ती त्यांच्या धाकट्या बहिणीच्या नवऱ्याची होती, आणि तो शेजारीच उभा होता. पण लग्नानंतर ही दोघं जिथे जिथे फिरायला गेली, तिथे दादा बरोबर होतेच. जावयाला दहावा ग्रह म्हणतात. अकरावा कुणी मोजलाच नाही. मागच्या सीटवर बसून दादा रस्ता सांगत, शिट्टीवर गाणी वाजवत आणि वळण आलं की पुढच्या दोघांच्या मधून डोकं पुढे काढत.

आता पठारापलीकडच्या तलावावर जायचं होतं. जीपला पुढे दोन सीट आणि मागे एक आखूड बाक. तो बाक निघाला की गाडी दोघांचीच. एकदा तरी बायकोला घेऊन, फक्त बायकोला घेऊन, कुठेतरी जावं एवढीच नवऱ्याची इच्छा होती. पण दादांना तोंडावर 'येऊ नका' म्हणायची त्याची छाती नव्हती, म्हणून ते काम त्याने स्टेपनीवर सोपवलं होतं.

"दारावर नको," तो घसा खाकरून म्हणाला. "वजनाने बिजागऱ्या उतरतात. मग दार जन्मभर खडखडतं."

"बिजागरीवर भार येणारच नाही," मिस्त्री म्हणाला. "बंपरला वेगळा लोखंडी हात लावून देतो, चाक त्याच्यावर. आधी हात बाजूला करायचा, मग दार उघडायचं."

"म्हणजे दर वेळी दुप्पट काम. ते करणार कोण?"

"मी आहे ना," दादा म्हणाले.

नेमकी तीच तर अडचण होती. नवऱ्याने मग आरशाचा मुद्दा काढला. चाक काचेवर येतं, मागचं काही दिसत नाही, गाडी मागे घ्यायची कशी? दादा म्हणाले, मी मागेच असतो, बघून सांगत जाईन.

"मग टप?" मिस्त्रीने विचारलं. त्याला पुढची गाडी घ्यायची होती.

"टपावर वजन गेलं की उतारावर गाडी कलते. आणि पंक्चर झाल्यावर एवढं धूड वरून उतरवणार कोण?"

बोलून झाल्यावर नवऱ्याने जीभ चावली. पण दादांनी तोवर बाह्या सरसावल्या होत्या.

बायको कोपऱ्यातल्या स्टुलावर, मांडीवर पर्स घेऊन बसली होती. मघापासून तिने तोंडातून अवाक्षर काढलं नव्हतं. भाऊ आणि नवरा बोलत असताना मध्ये पडलं की दोन्हीकडून ऐकून घ्यावं लागतं, हे तिला ठाऊक होतं. नवऱ्याने मदतीच्या आशेने तिच्याकडे पाहिलं, तर ती नटबोल्टच्या डब्यात बघत बसलेली. त्याला फार एकटं वाटलं.

"मग आतच बसवा," तो म्हणाला. "धूळ नाही, चोरीची भीती नाही, वजनही खाली राहतं. फक्त मागचा बाक काढावा लागेल. आता इलाजच नाही त्याला." आणि चेहऱ्यावर जमेल तेवढं दुःख आणलं.

मिस्त्रीने बाकाचे बोल्ट सोडले, बाक उचलून भिंतीला लावला, चाक आत आडवं टाकलं आणि पट्ट्याने आवळलं. दादा बाकाच्या जागी आलेल्या चाकाकडे बघत राहिले.

"मग मी कुठे बसू?"

त्यांनी हे इतकं साधेपणाने विचारलं, की नवरा विरघळला. क्षणभर वाटलं, जाऊ दे, बसवावा बाक परत. पण तलाव डोळ्यांपुढे आला आणि तो चाकाचा पट्टा घट्ट बसलाय का ते ओढून बघू लागला.

दादांनी थोडा विचार केला. मग मागून जीपमध्ये चढले आणि त्या आडव्या चाकावरच बसले. जरा डावीकडे सरकले, जरा उजवीकडे. गुडघे छातीशी आले, पण चेहरा खुलला.

"जावईबापू, बाकापेक्षा हे झकास आहे की. वर एक उशी टाकली की काम झालं. आणि जरा उंच बसल्यामुळे बघा," त्यांनी डोकं पुढे काढून दाखवलं, "थेट तुमच्या दोघांच्या मध्ये येतो मी."

आगीतून फुफाट्यात पडणं म्हणतात ते हेच. नवरा "वा" म्हणाला. डोळ्यांत पाणी यायचंच बाकी होतं.

तेवढ्यात बायको उठली. तिने जीपभोवती एक फेरी मारली. आत वाकून भावाकडे बघत मायेने हसली, उशी केवढी लागेल ते वितीने मोजून घेतलं. मग ती मिस्त्रीकडे वळली.

"त्या पठारावर दगड फार आहेत म्हणे. एका स्टेपनीवर भागेल का हो?"

"खरं तर दोन न्याव्यात," मिस्त्री म्हणाला.

"मग दुसरी कुठे बसेल?"

मिस्त्रीने जीपमध्ये डोकावून बघितलं.

"हे साहेब बसलेत तिथे."