सुनेचे तीन डबे

सुनेनं सकाळपासून भागाक्कांचे तीन पितळी डबे ओसरीवर अडवून ठेवले होते. देशासाठी हायड्रोजन कोणत्या रीतीनं बनवावा, हे तिला दिल्लीत सांगायचं होतं. एकेक डबा म्हणजे एकेक रीत, हातात तुलनेचा तक्ता, आणि तालीम सासूपुढं, भागाक्कांपुढं.

"आत्याबाई, पहिला जमिनीतल्या नैसर्गिक गॅसपासून. निघालेला कार्बन जमिनीत पुरायचा."

"केर काढून पलंगाखाली लोटायचा म्हण की!"

"दुसरा शेणकाडीपासून."

"तेवढी जनावरं कुठायत आता?"

"तिसरा उन्हाच्या विजेनं पाणी फोडून. सगळ्यांत स्वच्छ! कारखाना आपल्याच माळावर सुचवणार आहे."

"तक्त्यात काय काय मोजलंस?"

"खर्च, धूर, वीज."

भागाक्कांनी टँकरच्या पाण्याचा हंडा उचलून तिच्यापुढं ठेवला. सुनेनं जीभ चावली.

"माहेरी नळ होता ना, म्हणून विसरलीस! डबा तिसराच घे, पण कारखाना समुद्राकाठी ने. इथं आणलास, तर टँकरमागं हंडा घेऊन तूच पळायचंस!"